शिक्षणातील गुंतवणूक आणि गरिबाचे घर

(भाषण)



आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे, तो वरवर पाहता अर्थशास्त्राचा आहे. परंतु त्याचा निकाल विद्यापीठात लागत नसून आपल्या घरात, चुलीपाशी लागत असतो. घरात तीन-चार मुले आहेत, मिळवते हात दोन आहेत, आणि शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले आहेत. वह्या, गणवेश, बसभाडे, शिकवणी यांचा हिशेब काही केल्या जुळत नाही. मग आईबाप विचार करतात की, साऱ्यांना शिकविणे आपल्या ऐपतीबाहेरचे आहे. तेव्हा जो मुलगा हुशार आहे त्याला पुढे शिकवावे आणि बाकीच्यांनी आठवी-नववीनंतर कामाला लागावे. मुलगी असेल, तर हा निर्णय आणखी लवकर होतो. हा निर्णय कोणी निर्दयपणाने घेतो असे नाही. घरातील एक तरी मूल वर यावे, मग ते इतरांना हात देईल, अशा आशेने तो घेतला जातो. त्या आशेमागील हिशेब मात्र चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. गरीब देशांत शिक्षण आणि गुंतवणूक यांविषयी गेल्या साठ वर्षांत जे संशोधन झाले, त्याच्या आधारे हे म्हणणे मी आपणांस पटवून देऊ इच्छितो.

प्रथम गुंतवणूक या शब्दाचा अर्थ पाहू. शेतकरी पोटाला चिमटा घेऊन बियाणे राखून ठेवतो. ते दाणे शिजविले तर आजची भूक भागते. पेरले तर पुढील वर्षाची भागते. आजचा उपभोग सोडून उद्याच्या उत्पन्नासाठी जे बाजूस ठेवावयाचे, ती गुंतवणूक होय. अर्थशास्त्रात पूर्वी जमीन, यंत्रे, कारखाने, धरणे यांवर होणाऱ्या खर्चालाच गुंतवणूक म्हणत. शिक्षणावरील खर्च हा केवळ उपभोगाचा खर्च समजला जाई. १९६० साली अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून भाषण करताना थिओडोर शुल्ट्झ यांनी या समजुतीला धक्का दिला. माणसाच्या अंगी येणारे ज्ञान व कौशल्य हेही भांडवलच आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. पुढे १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या विवेचनातील एक मुद्दा आपण विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ फी आणि पुस्तके नव्हेत. मूल शाळेत असताना त्याची जी मजुरी बुडते, तीही त्या खर्चात धरली पाहिजे. श्रीमंताच्या घरी या बुडीत मजुरीची कोणास आठवणही होत नाही. गरिबाच्या घरी मात्र मूल जसजसे मोठे होते, तसतशी ती वाढत जाते, आणि नेमक्या त्याच वयात शाळा सुटते. शाळा फुकट केली म्हणजे शिक्षण फुकट झाले, असे जे म्हणतात, त्यांनी हा हिशेब केलेला नसतो.

अर्धवट सुटलेल्या शिक्षणाचा हा प्रश्न नवा नाही. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारपुढे आकडेच ठेवले होते. प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर १०० मुलांपैकी अवघी १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात, हे त्यांनी दाखवून दिले. अबकारी करापोटी लोकांकडून जितका पैसा घेतला जातो, तितका तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी त्यांची मागणी होती. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. बी पेरून पीक हाती येण्यापूर्वीच शेत सोडून दिले, तर बियाणेही जाते आणि मेहनतही जाते, हे त्यांच्या त्या मागणीमागील मर्म होते.

आता कोणी विचारील की, शिक्षणाने उत्पन्न वाढते याला पुरावा काय? शिकलेली माणसे अधिक मिळवितात हे खरे. परंतु ती मुळातच सुस्थितीतील घरांतून आली असतील, तर त्यांच्या मिळकतीचे श्रेय शाळेला कसे द्यावे? हा आक्षेप रास्त आहे. त्याचे समाधान करण्याची संधी संशोधकांना इंडोनेशिया देशात मिळाली. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि तेल विकणाऱ्या त्या देशाच्या तिजोरीत मोठा पैसा आला. त्या पैशातून सरकारने १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. विशेष हे की, ज्या जिल्ह्यात शाळेबाहेरची मुले अधिक, त्या जिल्ह्यास शाळा अधिक, असा नियम ठेवला गेला. वजनदार पुढाऱ्याचे गाव कोणते, हे पाहून शाळा वाटावयाच्या नव्हत्या. गरज पाहून वाटावयाच्या होत्या.

पुढे एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी या शाळांचा परिणाम मोजला. १९७४ साली जी मुले २ ते ६ वर्षांची होती त्यांना नव्या शाळांचा लाभ मिळाला; जी १२ ते १७ वर्षांची होती त्यांचे शाळेचे वय निघून गेले होते. या दोन पिढ्यांमधील फरक अधिक शाळा मिळालेल्या जिल्ह्यांत किती आणि कमी शाळा मिळालेल्या जिल्ह्यांत किती, याची त्यांनी तुलना केली. जिल्हे तेच; बदल झाला तो शाळेचा. १९९५ सालच्या पाहणीतील आकड्यांवरून त्यांनी २००१ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा : दर १,००० मुलांमागे एक शाळा बांधली की मुलांचे शिक्षण सरासरीने ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढले आणि मोठेपणी त्यांची मजुरी दीड ते पावणेतीन टक्क्यांनी वाढली. यावरून शिक्षणाच्या एका वर्षाचा परतावा सुमारे ६.८ ते १०.६ टक्के येतो. जगभरच्या अशा अनेक अभ्यासांची सरासरीही दर वर्षामागे ९ टक्क्यांच्या आसपास येते. हा लाभ एका पिढीवरच थांबला नाही. त्या शाळांतून शिकून गेलेल्या मातांची मुलेही अधिक शिकली, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. हे आकडे लहान वाटतात. परंतु हे पीक एका हंगामाचे नाही. ते माणसाला जन्मभर मिळत राहते आणि कोणताही सावकार ते जप्त करू शकत नाही.

मग गरीब आईबाप हिशेबात चुकतात कोठे? याचे उत्तर आफ्रिकेजवळील मादागास्कर बेटावर झालेल्या पाहणीतून मिळते. तेथील पालकांना विचारले असता, प्राथमिक शिक्षणाच्या दर वर्षाने मिळकत ६ टक्क्यांनी, त्यापुढील माध्यमिक वर्गांच्या दर वर्षाने १२ टक्क्यांनी आणि वरच्या वर्गांच्या दर वर्षाने २० टक्क्यांनी वाढते, अशी त्यांची समजूत आढळली. माध्यमिक शिक्षण पुरे करणाऱ्या १०० जणांपैकी ७० जणांना सरकारी नोकरी मिळते असे ते मानीत. प्रत्यक्षात ती ३३ जणांनाच मिळत होती. म्हणजे शिक्षण ही त्यांच्या दृष्टीने एक सोडत होती. शेवटपर्यंत गेला त्याला नोकरीचे बक्षीस, मध्येच थांबला त्याचे सारे पैसे बुडाले! असे मानल्यावर पुढचे ओघानेच येते. सोडतीचे तिकीट एकाच मुलाच्या नावावर घ्यावयाचे आणि बाकीच्यांना शाळेतून काढावयाचे.

वस्तुस्थिती अशी नाही. शिक्षणाचे प्रत्येक वर्ष आपापला लाभ देते. सारा लाभ शेवटच्या पायरीवर रचून ठेवलेला नसतो. आपल्याच देशात हरितक्रांतीच्या काळी नवे बियाणे आले तेव्हा केवळ प्राथमिक शाळा शिकलेल्या शेतकऱ्यांनीही त्याचा उपयोग न शिकलेल्यांपेक्षा अधिक चांगला करून घेतला, असे अँड्र्यू फॉस्टर व मार्क रोझेनझ्वाइग यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले. त्या शेतकऱ्यांना कोणी कारकुनाची नोकरी दिली नव्हती. वाचता, मोजता आणि पडताळून पाहता येणे, एवढीच त्यांची जमा होती. सरकारी नोकरी मिळाली नाही म्हणून शिक्षण वाया गेले, असे समजणे म्हणूनच चूक होय.

आणि एकाला निवडले की दुसऱ्याची हानी कशी होते, तेही पाहा. कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात २००५ साली शाळकरी मुलांना उपस्थितीवर पैसे देण्याची योजना झाली. पैसा पुरेसा नसल्याने मुले चिठ्ठ्या टाकून निवडली गेली. ज्याची चिठ्ठी निघाली ते मूल अधिक नियमाने शाळेत जाऊ लागले. पण त्याच घरातील ज्या भावंडाची चिठ्ठी निघाली नाही, ते शाळेत कमी जाऊ लागले आणि अधिक काम करू लागले. हा भार विशेषेकरून बहिणींवर पडला. भावाच्या शिक्षणाची किंमत बहिणीकडून वसूल झाली! आपल्या वस्त्यांतून हे चित्र कोणास अपरिचित वाटेल, असे मला वाटत नाही.

आता मुंबईकडे वळू. कैवान मुन्शी आणि रोझेनझ्वाइग यांनी दादर भागातील शाळांच्या सुमारे वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांची माहिती गोळा करून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कामगार वर्गातील जातींमध्ये नोकरी लावण्याचे एक जाळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. बापाच्या वशिल्याने मुलगा त्याच गिरणीत, त्याच कारखान्यात लागे. १९९० नंतर मुंबईचे उद्योग बदलले आणि इंग्रजी येणाऱ्यांचे पगार वाढले. तरीही या घरांतील मुलगे त्या जुन्या वाटेनेच चालत राहिले. मुलींसाठी असे जाळे कधीच नव्हते. त्यांना कोणती वाट ठरवून दिलेली नसल्यामुळे त्या नव्या संधीकडे मोकळ्या मनाने वळल्या आणि या बाबतीत वरच्या जातींच्या मुलींच्या जवळ जाऊन पोहोचल्या. यात मराठी भाषेचा दोष नाही. घरात जिच्यावर कोणी आशा ठेवली नव्हती तीच पुढे गेली, हा यातील बोध आहे. कोणते मूल काय करील हे आईबापांनी आधीच ठरवून टाकू नये.

हुशारीच्या मापाविषयीही असेच म्हणावे लागेल. मुंबई आणि बडोदा येथील शाळांत २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ या संस्थेने बालसखी नावाचा उपक्रम चालविला. तिसरी-चौथीच्या वर्गातील मागे पडलेल्या वीसेक मुलांना वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी रोज दोन तास बाजूला घेऊन वाचन-अंकगणित शिकवी. अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपक्रम तपासला, तेव्हा सर्वांत मागे असलेल्या मुलांची प्रगतीच सर्वांत अधिक झाल्याचे दिसले. म्हणजे ज्यांना शाळेने मठ्ठ ठरविले होते, ती मुले मठ्ठ नव्हती. त्यांना कोणी शिकविलेलेच नव्हते. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी धम्म स्वीकारताना जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारी व्यवस्था नाकारली आहे. मग आपल्याच घरात चौथीच्या गुणपत्रिकेवरून मुलांच्या पायऱ्या पाडणे आपणांस शोभत नाही.

येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. नाही तर मी अर्धेच बोललो असे होईल. शिकूनही आपल्या मुलांना पूर्ण मोबदला मिळत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ६६ आठवडे वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले. पात्रता सारखी, फरक केवळ नावाचा. वरच्या जातीच्या नावाच्या तुलनेत दलित नावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याचा संभव सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. यावरून काहीजण म्हणतात, मग शिकून उपयोग काय? हा निष्कर्ष उलटा आहे. शेतातील पीक कोणी चोरून नेत असेल, तर शेत पडीक ठेवणे हा उपाय नव्हे. राखण करणे हा उपाय आहे. ही राखण एकेकट्या घराला करता येणार नाही. ती कायद्याने, संघटनेने आणि हक्काच्या जागृत मागणीने करावी लागते. खाजगी नोकऱ्यांतील भेदभावाविरुद्ध संरक्षणाची मागणी ही दयेची याचना नसून, केलेल्या गुंतवणुकीच्या परताव्याची मागणी आहे.

आईबापांच्या चुकीचे निदान करून सरकारला मोकळे सोडावे, असाही माझा हेतू नाही. डोमिनिकन प्रजासत्ताकात रॉबर्ट जेन्सन यांनी आठवीतील मुलांना विचारले, तेव्हा शिक्षणाने किती कमाई वाढते याचा त्यांचा अंदाज वस्तुस्थितीपेक्षा फारच कमी आढळला. काही शाळांतील मुलांना खरे आकडे सांगण्यात आले. पुढील चार वर्षांत ती मुले इतरांपेक्षा सरासरीने ०.२० ते ०.३५ वर्षे अधिक शिकली. परंतु अगदी गरीब घरांतील मुलांवर या माहितीचा फारसा परिणाम झाला नाही. त्यांना खरे कळले. पण खिशात पैसा नव्हता! नुसत्या उपदेशाने गरिबाचे मूल शाळेत टिकत नाही, हे यावरून सिद्ध होते.

मेक्सिको देशाने १९९७ साली ‘प्रोग्रेसा’ ही योजना काढली, ती हेच ओळखून. मूल शाळेत नियमाने जात असेल, तर आईच्या हाती रोख रक्कम द्यावयाची. इयत्ता वाढेल तशी रक्कम वाढवावयाची. आणि माध्यमिक वर्गांत मुलीसाठी मुलापेक्षा अधिक द्यावयाची. बुडीत मजुरीची ती भरपाई होती. प्राथमिक शाळा संपून माध्यमिक शाळा सुरू होते त्या वळणावर तिचा परिणाम सर्वांत मोठा झाला, आणि तोही मुलींच्या बाबतीत. ही योजना निरनिराळ्या नावांनी चालून २०१९ साली बंद झाली. परंतु तिने दिलेला धडा शिल्लक आहे. घर जेथे मोडते, तेथेच सरकारने खांदा दिला पाहिजे.

आपल्या देशात २००२ सालच्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ सालचा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. हा हक्क ६ ते १४ वर्षे वयापर्यंत आहे. म्हणजे आठवीच्या सुमारास तो संपतो, आणि त्याच सुमारास आपल्या घरातील मुले शाळा सोडतात! पुढच्या वाटेवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आधार आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ती १९४४ सालापासून चालत आली आहे. परंतु बियाणे पेरणीच्या वेळी हाती यावे लागते. पेरणी उलटून गेल्यावर मिळालेले बियाणे काय कामाचे? राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० सालच्या शैक्षणिक धोरणानेही तेच उद्दिष्ट पुन्हा लिहिले. ते आजवर गाठले गेलेले नाही. घरातील आई उपाशी राहून आपला वाटा घालते. शासनाने आपला वाटा अद्याप पुरता घातलेला नाही, हे आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

तेव्हा माझे आपणांस तीन गोष्टींचे आवाहन आहे. पहिली ही की, घरातील एका मुलावर सारी मदार ठेवू नका. एकाला पदवीपर्यंत नेण्यासाठी दुसऱ्यास सातवीतून काढण्याचा विचार मनात येईल तेव्हा बहिणीचे प्रत्येक वर्षही मोलाचे आहे, हे आठवा. दुसरी ही की, वस्तीतील शिकलेल्या मुला-मुलींनी विहारात रोज दोन तास बसून मागे पडलेल्या मुलांना वाचन-गणित शिकवावे. त्याला मोठी इमारत लागत नाही आणि मोठी पदवीही लागत नाही. तिसरी ही की, शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा प्रवेश, जातीचा दाखला यांसाठी प्रत्येक घराने एकट्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजवू नयेत. वस्तीने मिळून यादी करावी, तारखा ठेवाव्यात, आणि विलंब झाला तर लेखी जाब विचारावा.

जगातील पंडितांनी गरीब देशांत हिंडून, गणिते मांडून जे सिद्ध केले, त्याचे सार एवढेच की, कोणतेही मूल आणि शिक्षणाचे कोणतेही वर्ष फुकट जात नाही. फुकट जाते ते अर्ध्यावर सोडलेले काम. येत्या जूनमध्ये शाळेची घंटा होईल तेव्हा आपल्या घरातील सारी मुले वर्गात असावीत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.